कुरव टरफल का उचलतो?

काळ्या डोक्याचा कुरव (कुरव म्हणजे इंग्रजीत गल, किनाऱ्यावरचा पक्षी) वाळूच्या टेकड्यांवर, गवतात, मोठ्या वसाहतींनी घरटी करतो. (नाव थोडं फसवं आहे. डोकं काळं नसून चॉकलेटी असतं आणि तेही विणीच्या हंगामापुरतंच.) मादी बहुधा तीन अंडी घालते, खाकी रंगाची, गडद ठिपक्यांची. पिल्लू बाहेर आलं आणि त्याची ओली पिसं वाळली की आई किंवा बाप रिकामं टरफल चोचीत धरून उडतो, थोडं लांब टाकतो आणि परत येऊन बसतो. काही सेकंदांचं काम, हंगामात जेमतेम तीनदा करायचं.

हा पक्षी असं का करतो? जीवशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांकडून दोन उत्तरं हमखास येतात. 'घरटं स्वच्छ राहावं म्हणून' आणि 'सहजप्रवृत्ती असते म्हणून'. पहिल्या उत्तरात तपासून बघण्यासारखं काहीतरी आहे. दुसरं तर उत्तरच नाही, प्रश्नालाच दिलेलं भारदस्त नाव आहे.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी सहकाऱ्यांसह हा प्रश्न इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, रेव्हनग्लासच्या वसाहतीत सोडवायला घेतला. शक्यता बऱ्याच होत्या. टरफलाची धारदार कड पिल्लाला लागत असेल, त्यात बुरशी-जंतू वाढत असतील, ते दुसऱ्या अंड्यावर टोपीसारखं चढून बसत असेल. किंवा टरफलाची आतली पांढरी बाजू लांबून चमकते आणि कावळ्याला घरट्याचा पत्ता देते. त्यांनी या शेवटच्या शक्यतेवर बोट ठेवलं आणि १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

प्रयोग इतका साधा की आज कोणीही करू शकेल. वसाहतीबाहेर अंडी विखरून ठेवली आणि प्रत्येकाजवळ एक फुटकं टरफल ठेवलं. टरफलाचं अंतर मात्र वेगवेगळं: १५ सेंटिमीटर, १ मीटर, २ मीटर, प्रत्येक अंतराला १५० अंडी. मग कावळ्यांना त्यांचं काम करू दिलं. टरफल अगदी जवळ होतं तिथली ४२ टक्के अंडी गेली, मीटरभर लांब होतं तिथली ३२ टक्के, दोन मीटरवर होतं तिथली २१ टक्के. चोचीतून नेलेल्या त्या दोन मीटरमध्ये धोका निम्म्यावर येतो.

आता खरी मेख. टरफल इतकं घातक असेल, तर पिल्लू बाहेर येताक्षणी ते फेकायला हवं. पण कुरव थांबतो. कारण शेजारी. वसाहतीतले काही कुरव दुसऱ्यांची पिल्लं खातात आणि नुकतं अंड्यातून बाहेर आलेलं, ओलं पिल्लू गिळायला सगळ्यात सोपं. वाळून त्याची पिसं फुलली की ते तितकं सहज गिळता येत नाही. म्हणजे लवकर उठावं तर शेजारी टपलेला, उशीर करावा तर कावळा. कुरवाचं वेळापत्रक या दोन धोक्यांच्या मध्ये बसवलेलं आहे.

प्राणी जे करतात ते 'प्रजातीच्या भल्यासाठी' करतात हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. ते ऐकलं की मला हा शेजारी आठवतो. आपल्याच जातीचं पिल्लू गिळणाऱ्या पक्ष्याला प्रजातीची काळजी आहे असं म्हणणं कठीण आहे. नैसर्गिक निवडीत हिशेब होतो तो कोणाची पिल्लं वाचली याचा.

पण एवढ्याने 'का' संपत नाही. टिनबर्गन यांनी १९६३ साली, प्राणिवर्तनाचेच अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्या साठीनिमित्त लिहिलेल्या लेखात, या एका शब्दाचे चार वेगळे प्रश्न केले. वर्तनाचा उपयोग काय? ते आत्ता, या क्षणी कशामुळे सुरू झालं? या एका प्राण्याच्या आयुष्यात ते कसं घडत गेलं? आणि पूर्वजांपासून ते कसं आलं? चारही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. परीक्षेत आणि चर्चेत निम्मे वाद होतात ते एकाने पहिल्या प्रश्नाचं आणि दुसऱ्याने दुसऱ्याचं उत्तर दिल्यामुळे.

कावळ्यांचा प्रयोग फक्त उपयोग सांगतो. कुरवाला कावळ्याचं गणित ठाऊक असण्याची काही गरज नाही. त्याला उठवतं ते घरट्यातल्या वस्तूचं रूप. घरट्यात बनावट तुकडे ठेवून पाहिलं तेव्हा खाकी आणि पांढरे तुकडे भराभर उचलले गेले, हिरव्यांकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही. पातळ कडेलाही महत्त्व होतं. शिवाय पिल्लू बाहेर यायच्या बऱ्याच आधी, अंडी उबवणं चालू असतानाही, टरफल ठेवलं की पक्षी ते उचलायचा. पिल्लाचा जन्म ही या कामाची खूण नव्हतीच.

तिसऱ्या प्रश्नासाठी दुसऱ्या कुरवांकडे वळू. हेरिंग गल या मोठ्या कुरवाच्या पिवळ्या चोचीवर लाल ठिपका असतो. पिल्लू त्यावर टोचतं आणि पालक अन्न बाहेर काढतात. पांढरे पट्टे ओढलेली बारीक लाल काडी समोर धरली तर पिल्लं तिच्यावर खऱ्यासारख्या दिसणाऱ्या डोक्यापेक्षाही जास्त तुटून पडतात. यावरून सगळं जन्मजात वाटेल. पण जॅक हेलमन यांनी १९६०च्या दशकात लाफिंग गल या जातीची पिल्लं पाहिली, तेव्हा पहिल्या दिवशी नेम बराच चुकत होता आणि पुढच्या काही दिवसांत सुधारत गेला. 'उपजत की शिकलेलं' हा प्रश्नच इथे चुकीचा ठरतो.

आणि चौथा प्रश्न किटीवेककडे नेतो. हाही कुरवच, पण उभ्या कड्यांवरच्या अरुंद कंगोऱ्यांवर घरटं करणारा. बहुतेक कुरव जमिनीवर घरटी करतात, तेव्हा कड्यावरची ही वस्ती मागाहून आलेली असणार. एस्थर कलन यांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांवर त्याचा अभ्यास केला, तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. कड्यावर शिकारी पक्षी फारसे पोहोचत नाहीत, आणि त्या एका गोष्टीमुळे बाकीचं सगळं बदललेलं दिसतं. पिल्लं परिसरात मिसळून जाणारी नाहीत, चंदेरी-पांढरी आहेत. ती पळत नाहीत, कारण पळाली तर खाली समुद्र. ती हलत नसल्याने आईबाप सुरुवातीचे काही आठवडे आपलं पिल्लू कोणतं हे ओळखतही नाहीत, घरट्यात जे असेल ते आपलं. घरट्याची कड विष्ठेने पांढरीफटक झालेली असते.

टरफल जंतूंमुळे किंवा धारेमुळे उचलायचं असतं, तर किटीवेकनेही ते उचललं असतं. तो उचलत नाही. घरट्यात, पिल्लांच्या शेजारीच, ते पडून राहतं.