इचलकरंजीतला च, जाधवांचा ज

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर कंडक्टर 'इचलकरंजी, इचलकरंजी' असा पुकारा करतो, तेव्हा त्याचा च 'चाका'तला असतो. तिथंच चौकशी करणारा कन्नडभाषक प्रवासी त्याच नावात 'चहा'तला च घालतो, कारण कन्नडमध्ये तेवढा एकच च आहे. मराठीत च, ज, झ या तिघांचेही दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना आपण ते वेगळे दाखवत नाही.

फरक जिभेच्या जागेचा. 'कोल्हापूरचा' म्हणून पाहा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं. आता 'कोल्हापूरची' म्हणा. जीभ मागे सरून टाळूला लागते. ई उच्चारताना जीभ टाळूजवळ उचलावी लागते आणि ती तयारी च पासूनच सुरू होते. 'माझा'चं 'माझी' होतानाही हेच घडतं. इचलकरंजीत तर दोन्ही जागा आहेत: च दातांशी, शेवटचा जी टाळूशी.

मग जयसिंगपूरचं काय? शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं हे गाव. त्यातल्या ज पुढं ई नाही, तरी तो टाळूचाच. 'जय' हा संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला शब्द आहे आणि असे शब्द बहुधा आपला मूळ उच्चार सांभाळून असतात. पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात झिजलेल्यांचं तसं नाही. 'चक्र' टाळूचं, त्यापासून झालेलं 'चाक' दातांचं. 'जन' टाळूचा, 'दोन जण' दातांचे. अक्षर तेच, पण शब्द कुठल्या वाटेनं आला हे जिभेला ठाऊक असतं. मला यात मराठीच्या इतिहासाचा सगळ्यात देखणा पुरावा दिसतो.

आडनावांत तो फार ठळक आहे. शब्दाच्या सुरुवातीचा य प्राकृतात ज झाला. 'यंत्रा'चं 'जातं' झालं, तसे 'यादव'चे 'जाधव' झाले आणि त्यांचा ज दातांचा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या सिंघण यादवानं कोल्हापूरच्या शिलाहारांचं राज्य जिंकलं, ते हेच नाव. चव्हाण आणि उत्तरेतले चौहान दोघंही 'चाहमान'मधून आले, पण चौहानांचा च टाळूशी राहिला आणि चव्हाणांचा दातांशी आला.

जाधवांच्या घरी मुलीचं नाव जया ठेवलं, की हजेरीपटावर दोन वेगळे ज शेजारी बसतात. पहिलीतली पोरं तिला पूर्ण नावानं हाक मारतात आणि दोन्ही ज बिनचूक म्हणतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं.