वाढलेले कोलेस्टेरॉल आणि बदाम-अक्रोड

रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचत जाणारे कोलेस्टेरॉल, वाढलेले आढळले की तूप-लोण्याबरोबर बदाम-अक्रोडही तेलकट म्हणून पुष्कळदा बंद केले जातात. तूप-लोणी कमी करणे योग्यच आहे. बदाम-अक्रोडांवरची बंदी मात्र अनाठायी आहे.

टोरांटोतील डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या २७ स्त्री-पुरुषांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एक महिना रोज सरासरी ७३ ग्रॅम बदाम, एक महिना तेवढेच उष्मांक देणारे मफिन आणि एक महिना निम्मे बदाम व निम्मे मफिन खाल्ले. निम्म्या मात्रेने एलडीएल सुमारे ४.४ टक्के, तर पूर्ण मात्रेने ९.४ टक्के घटले. मात्रा वाढताच परिणामही वाढला, हे मला या अभ्यासात सर्वांत बोलके वाटते.

या फळांतील असंतृप्त स्निग्धांश तूप-लोण्यात भरपूर असणाऱ्या संतृप्त स्निग्धांशाची जागा घेतात, तेव्हा यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात उचलते; शिवाय त्यांतील वनस्पतिजन्य स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलचे शोषण रोखतात. बार्सिलोनातील संशोधकांनी २००४ मध्ये याहून पुढची गोष्ट दाखवली. दंडाची धमनी काही मिनिटे पट्ट्याने दाबून सोडली की ती किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजता येते, आणि कोलेस्टेरॉल वाढलेल्यांत ही क्षमता मंदावलेली असते. चार आठवडे अक्रोडयुक्त आहार घेतल्यावर ती स्पष्टपणे सुधारली.

मात्र या प्रयोगांत बदाम-अक्रोड नेहमीच्या जेवणावर वाढीव म्हणून दिलेले नव्हते, तर दुसऱ्या पदार्थांच्या जागी दिलेले होते. म्हणून चहाबरोबरची फरसाण-बिस्किटे बाजूला ठेवून त्यांच्या जागी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे साधारण पंचवीस बदाम, बिनमिठाचे आणि न तळलेले खाणे रास्त ठरते. भाजलेले शेंगदाणेही चालतात, परंतु खोबऱ्यातील स्निग्धांश बहुतांशी संतृप्त असल्यामुळे ते या यादीत बसत नाही.

स्टॅटिन औषधांनी एलडीएल बहुधा ३० ते ५० टक्के उतरते. त्यामुळे ज्यांना ती सुरू आहेत त्यांनी बदामांच्या भरवशावर गोळी सोडू नये. दोन्ही एकत्र घेण्यास सहसा काहीच अडचण नसते.