प्रोफेशनल टॅक्स (पीटी): दाखले दोन, एक काढून भागत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या एका लेथवाल्या गिऱ्हाइकानं परवा फाइल टेबलावर आपटली. "साहेब, पीटी भरलाय की! मग नोटीस कशाची?" पावती खरी होती, पुरती २,५०० ची. पण ती त्याच्या स्वतःच्या कराची. पोरांच्या पगारातून कापून सरकारला द्यायचा कर निराळा, त्याचा नंबर निराळा, आणि तो नंबर यानं काढलाच नव्हता. हा घोळ इतक्यांदा निस्तरलाय की एकदा लिहूनच टाकतो.

व्यवसाय कर, म्हणजेच हा पीटी, महाराष्ट्र राज्याचा कर, कायदा १९७५ चा. रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला तो आला. माणशी वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातच आहे आणि १९८८ च्या दुरुस्तीपासून तेवढीच आहे. तिजोरी कितीही ओढगस्तीला आली तरी राज्याला त्यावर जाता येत नाही. मग उत्पन्न वाढवायला उरतं काय, तर जास्त माणसं कराच्या कक्षेत येऊ देणं. पुरुष कामगाराची महिना ७,५०० पगारापर्यंतची सूट २०१४ पासून तिथंच अडकली आहे, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

पहिला दाखला पीटीईसी, म्हणजे एनरोलमेंट सर्टिफिकेट. हा धंदा करणाऱ्याचा स्वतःचा. नंबर ९९ ने सुरू होतो. जीएसटी नोंदणी असलेला दुकानदार, डॉक्टर, वकील, कंपनी आणि तिचा प्रत्येक संचालक, भागीदारीतला प्रत्येक भागीदार, सगळे यात येतात. वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनच्या आत भरायचे. याला रिटर्न नसतं. चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तर पाचवं वर्ष माफ, पण ही सवलत फार कमी लोक वापरतात.

दुसरा पीटीआरसी, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, कामगारांच्या पगारातून कापायच्या करासाठी, नंबर २७ ने सुरू होणारा. एका जरी पुरुष कामगाराचा पगार महिन्याला ७,५०० च्या वर किंवा एका जरी स्त्रीचा २५,००० च्या वर असेल तर मालकानं तो काढायचा. पुरुषाला १०,००० पर्यंत महिना १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांची २५,००० ची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासूनची, त्यावर त्यांनाही २०० आणि ३०० च. पगारात महागाई भत्ता धरायचा. बोनस, ग्रॅच्युइटी नाही.

त्या लेथवाल्याचंच घ्या. तीन पुरुष कामगार, पगार १८,०००, १४,००० आणि १३,०००. ऑफिसात एक ताई, १६,००० वर. ताईंचं काही कापायचं नाही. पुरुषांचे प्रत्येकी वर्षाला २,५००. त्यातला एक गडी ऊसतोडीला गावी गेला, त्या महिन्यात त्याचा पगार बसला ६,५००. त्या महिन्याची कपात शून्य, म्हणजे त्याचे २,३००. एकूण ७,३००. वर मालकाचे स्वतःचे २,५००, ते मात्र त्याच्या खिशातून.

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत निपाणीची बरीच पोरं येतात. १८,००० पगारावर इथं वर्षाला २,५०० कापले जातात. तोच पगार निपाणीत मिळाला असता तर एक रुपया गेला नसता, कारण कर्नाटकात २५,००० च्या आतल्या पगाराला कर नाही. "आमचंच का कापताय?" असं ती विचारतात, आणि शिव्या मात्र मालक खातो.

अर्ज महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी खात्याच्या, संकेतस्थळावरच होतो, फी नाही. पॅन टाकून प्रोफाइल तयार करायचं, मग व्यवसाय कर कायदा निवडून दोन्हींचे अर्ज भरायचे. कागद: पॅन, आधार, फोटो, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, रद्द केलेला चेक, आणि जागेसाठी लाइट बिल किंवा घरफाळ्याची पावती. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार. खरी अडचण लाइट बिलाची असते, कारण आपल्याकडं ते निम्म्या वेळा आजोबांच्या नावावर निघतं. मग ज्याची जागा त्याचं संमतीपत्र जोडा. भागीदारीत भागीदारी पत्र आणि प्रत्येकाचं पॅन, पीटीआरसीला कामगारांची यादी आणि पगारपत्रक. नवी कंपनी असेल तर नोंदणीच्या अर्जातच दोन्ही नंबर मिळतात.

कर लागू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करा. उशीर झाला तर पीटीआरसीला दिवसाला ५ रुपये, पीटीईसीला २ रुपये दंड लागू शकतो. शिवाय मागच्या वर्षांचा कर आणि त्यावर व्याज. पीटीआरसीचं रिटर्न पहिल्या वर्षी दर महिन्याला. पुढं मागच्या वर्षीचा कर एक लाखाच्या आत असेल तर वर्षातून एकदा, ३१ मार्चपर्यंत. चुकलात तर १,००० रुपये लेट फी, पहिल्या ३० दिवसांत भरलं तर २००. चलन काढताना पीटीईसी की पीटीआरसी हे दोनदा बघा. चुकीच्या नंबरावर गेलेला पैसा परत वळवायला चपला झिजतात.

६५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त कायम अपंगत्व असणाऱ्यांना कर नाही, पण वयाचा किंवा अपंगत्वाचा दाखला हवा. एक गैरसमज मात्र काढा: २५,००० ची सूट नोकरदार स्त्रीला आहे. महाद्वार रोडवर स्वतःच्या नावे जीएसटी घेऊन पार्लर चालवणाऱ्या वहिनींना पीटीईसी भरावाच लागतो.

आणि धंदा बंद केला तर दुकानाला नुसतं कुलूप लावून थांबू नका, दोन्ही नंबर रद्द करण्याचा अर्जही द्या. तो दिला नाही तर दर ३० जूनला त्या नावावर २,५०० चढतच राहतात.