लायसन्सच्या परीक्षेची फी आणि क्लासचा खर्च: अमेरिकी माजी सैनिकांनी व्हीएकडून पैसे परत कसे मिळवायचे

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडलं की नोकरीच्या वाटेत बहुतेकांना एखादी परीक्षा आडवी येते. नर्सला एनक्लेक्स, अकाउंटंटला सीपीए, वकिलाला बार, आयटीवाल्याला सिक्युरिटी प्लस, ट्रक चालवायचा तर सीडीएल. परीक्षेची फी वेगळी आणि तयारीसाठी क्लास लावला तर त्याचे पैसे वेगळे. बारसारख्या परीक्षांचे क्लास तर हजारो डॉलरच्या घरात जातात. जीआय बिल, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी सरकारी योजना, ही फक्त कॉलेजच्या फीसाठी, एवढंच अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे हा खर्च त्याच योजनेतून व्हीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडे, परत मागता येतो हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आपल्या मराठी मंडळींत माजी सैनिक मोजकेच असतील, पण आहेत. २००९ ते २०१६ या काळात ‘मावनी’ नावाच्या भरती योजनेतून हिंदीसारख्या भाषा येणारे, तेव्हा व्हिसावर असलेले बरेच भारतीय विद्यार्थी अमेरिकी लष्करात गेले. त्यांच्यातले अनेक जण आता सेवेतून मोकळे झाले आहेत. शिवाय इथेच वाढलेली, नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्हमध्ये (म्हणजे अर्धवेळ सैन्यात) असलेली पुढची पिढी आहेच. ही माहिती त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

आधी हिशेब समजून घ्या

हे पैसे वरकमाई नव्हेत. पोस्ट-९/११ जीआय बिलात साधारणपणे ३६ महिन्यांचा शिक्षणलाभ मिळतो, आणि परीक्षेचे किंवा क्लासचे पैसे परत घेतले की त्या प्रमाणात तुमच्या शिल्लक महिन्यांतून वजावट होते. पूर्वी ही वजावट फारच जाचक होती: परीक्षा स्वस्त असली तरी पूर्ण महिन्याच्या हिशेबाने लाभ कापला जायचा. २०१७ च्या ‘फॉरेव्हर जीआय बिल’ कायद्याने हे बदललं. १ ऑगस्ट २०१८ पासून जेवढे पैसे घेतले तेवढ्याच प्रमाणात वजावट होते. म्हणून २०१८ च्या आधी सेवेतून निघालेला एखादा मित्र ‘परीक्षेसाठी जीआय बिल वापरू नकोस, अख्खा महिना जातो’ असं सांगत असेल, तर त्याचा सल्ला त्याच्या काळापुरता बरोबर होता.

तरीही माझं मत असं, की ज्याला पुढे पूर्णवेळ पदवी घ्यायची आहे त्याने दोनदा विचार करावा. पोस्ट-९/११ खाली कॉलेजात घालवलेल्या एका महिन्यात ट्यूशन फी तर निघतेच, वर घरभाड्याचा भत्ताही मिळतो. परीक्षेवर वापरलेल्या लाभातून फक्त भरलेली फी परत येते, भत्ता काही मिळत नाही. शिक्षण झालेलं आहे आणि काही महिने नुसतेच पडून आहेत, अशांनी मात्र बिनधास्त अर्ज करावा. मास्टर्स घेऊनच सैन्यात गेलेल्या मावनीवाल्यांपैकी बरेच जण याच गटात बसतील.

पात्र कोण

परीक्षेच्या फीची परतफेड एकाच योजनेपुरती नाही. पोस्ट-९/११ जीआय बिल, माँटगोमरी जीआय बिल (सक्रिय सेवेचं आणि सिलेक्टेड रिझर्व्हचं, दोन्ही), व्हीईएपी ही जुनी शिक्षणयोजना आणि हुतात्मा किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांसाठीची डीईए, या सगळ्यांत ती बसते. पती, पत्नी किंवा मुलांच्या नावावर पोस्ट-९/११ चा लाभ रीतसर वर्ग केला असेल तर त्यांनाही मागता येते. अजून सेवेत असलेल्यालाही हा लाभ वापरता येतो. त्यासाठी निवृत्त असण्याची अट नाही.

पोस्ट-९/११ ची मूळ अट अशी: १० सप्टेंबर २००१ नंतर एकूण किमान ९० दिवस सक्रिय सेवा. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे बाहेर पडावं लागलं असेल तर सलग ३० दिवस पुरतात. गार्ड आणि रिझर्व्हमधल्यांनी नीट पाहावं, कारण महिन्याकाठच्या शनिवार-रविवारच्या ड्रिलचे दिवस यात धरत नाहीत. सक्रिय सेवेचे आदेश लागतात.

एक अट अनेकांना उशिरा कळते. जीआय बिलासाठी सेवामुक्ती ‘ऑनरेबल’ असावी लागते. ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ असा शेरा असेल तर व्हीएच्या दवाखान्यासारख्या इतर काही सोयी मिळू शकतात, पण पोस्ट-९/११ चा लाभ मिळत नाही. आपल्या डीडी-२१४ वर (सेवामुक्तीच्या दाखल्यावर) काय लिहिलं आहे ते आधी वाचा. तो शेरा बदलून घेण्याचा मार्ग वेगळा आहे आणि लांबचा आहे, त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी हे पाहिलेलं बरं.

मुदतीचं म्हणाल, तर १ जानेवारी २०१३ किंवा त्यानंतर सेवेतून निघालेल्यांसाठी पोस्ट-९/११ चा लाभ संपत नाही. त्याआधी निघालेल्यांना सेवामुक्तीपासून १५ वर्षं मिळतात.

परीक्षेसाठी काय मिळतं, काय मिळत नाही

प्रत्येक परीक्षेमागे जास्तीत जास्त २,००० डॉलर. किती परीक्षा द्याव्यात यावर बंधन नाही, लाभ शिल्लक असला म्हणजे झालं. नापास झालात तरी फी परत मिळते आणि तीच परीक्षा पुन्हा दिलीत तर तिचीही मिळते. लायसन्स टिकवण्यासाठी ठरावीक वर्षांनी द्यावी लागणारी परीक्षासुद्धा चालते. योजनेतली सगळ्यात उदार बाब मला हीच वाटते, कारण सीपीएसारखी परीक्षा एका दमात सुटेल असं गृहीत धरणंच चूक. जानेवारी २०२४ पासून सीपीएत तीन मुख्य विषय आणि एक निवडीचा विषय असे चार भाग आहेत, प्रत्येकाची फी वेगळी. चारही पावत्या जपून ठेवा.

परीक्षेसाठी नोंदणी करताना सक्तीने भरावी लागणारी फी आणि प्रशासकीय शुल्क यात धरलं जातं. परीक्षा पास झाल्यावर प्रत्यक्ष लायसन्स किंवा प्रमाणपत्र हातात पडण्यासाठी राज्याच्या बोर्डाला जे भरता, ते धरत नाहीत. एनक्लेक्सचं उदाहरण घ्या: परीक्षेच्या नोंदणीची २०० डॉलर फी एक आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे लायसन्ससाठी भरलेलं शुल्क दुसरं. अर्जात ही दोन्ही एकत्र करून एकच आकडा लिहिला की पडताळणी करणाऱ्याला प्रश्न पडतो आणि कागद परत येतात. आपण होऊन घेतलेल्या जादा सोयींचं शुल्कही मिळत नाही.

परीक्षा व्हीएने मान्य केलेली असली पाहिजे. मान्य परीक्षांची यादी व्हीएच्या संकेतस्थळावर शोधता येते. परीक्षेचं नाव घालून शोधताना ती घेणाऱ्या संस्थेचं नावही जुळतं का पाहा, कारण सारख्या नावाची प्रमाणपत्रं बाजारात पुष्कळ आहेत. यादीत नसलेल्या परीक्षेला मान्यता मिळवायची तर ती घेणाऱ्या संस्थेला राज्याच्या मान्यता यंत्रणेकडे जावं लागतं.

क्लासचे पैसे

तयारीच्या क्लाससाठी अर्जच वेगळा आहे: फॉर्म २२-१०२७२. परीक्षेच्या फीसाठी फॉर्म २२-०८०३. एकाच पाकिटात दोन्ही खर्च एकाच फॉर्मवर मांडून पाठवणं ही नेहमीची चूक आहे. क्लासची पावती ०८०३ ला जोडली तर तिचं काहीच होत नाही. तिसरा एक फॉर्म २२-०८१० आहे, तो सॅट किंवा क्लेपसारख्या प्रवेश आणि क्रेडिटच्या राष्ट्रीय परीक्षांसाठी. लायसन्सशी त्याचा संबंध नाही.

पोस्ट-९/११ चा लाभ असलेल्यांना क्लासचा खर्च मागता येतो, पण तो क्लास एखाद्या ठरावीक लायसन्स किंवा प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीचा असावा लागतो. ‘आयटी करिअर बूटकॅम्प’ किंवा ‘लीडरशिप कोर्स’ असं गुळमुळीत नाव असलेलं काही घेतलंत तर ते कोणत्या परीक्षेसाठी, हे दाखवणं अवघड जातं. पैसे भरण्याआधीच संस्थेकडून लेखी घ्या: क्लासचं पूर्ण नाव, कोणत्या परीक्षेची तयारी, कधीपासून कधीपर्यंत, एकूण फी. पुस्तकं, सरावाचं ॲप, क्लासची फी हे सगळं एका ठोक पॅकेजमध्ये विकलं जातं. पावतीवर ते वेगवेगळं मांडून मागा.

माजी सैनिकांच्या मागे लागणारे क्लासवाले कमी नाहीत. ‘तुमचा एक पैसाही जाणार नाही, सगळं व्हीए भरेल’ असं कुणी फोनवर म्हणालं, तर तिथेच थांबा. या योजनेत आधी तुम्ही भरायचं आणि मग व्हीए तुमच्या खात्यात परत टाकतं. व्हीए आगाऊ पैसे देत नाही. म्हणून तेवढी रक्कम पदरची घालून काही आठवडे निभावता येईल का, हे बघूनच क्लास लावा. क्रेडिट कार्डावर घेतलंत तर मधल्या काळाचं व्याज तुमच्याच डोक्यावर.

कागदपत्रं आणि अर्ज

जीआय बिल याआधी कधीच वापरलं नसेल, तर पहिली पायरी शिक्षणलाभाच्या मूळ अर्जाची. सैनिकाने स्वतःसाठी फॉर्म २२-१९९०, वर्ग केलेला लाभ वापरणाऱ्या जोडीदाराने किंवा मुलाने २२-१९९०ई, डीईए किंवा फ्राय स्कॉलरशिप (सेवेत मृत्यू आलेल्या सैनिकाच्या जोडीदार-मुलांसाठीची) मागणाऱ्याने २२-५४९०. हे ऑनलाइन होतं. लॉगिन डॉट गव्ह किंवा आयडी डॉट मी यांपैकी एक खातं लागतं. त्यातून पात्रतेचं पत्र येतं, त्यावर किती महिने शिल्लक आहेत तेही असतं. ज्यांच्याकडे हे पत्र आधीच आहे त्यांनी सरळ पुढच्या फॉर्मवर जावं.

परीक्षेच्या अर्जात परीक्षेचं नाव, ती घेणाऱ्या संस्थेचं नाव आणि पत्ता, परीक्षेची तारीख आणि भरलेली रक्कम लिहायची. सोबत पैसे भरल्याची पावती आणि निकालाची किंवा मिळालेल्या प्रमाणपत्राची प्रत. परीक्षेची माहिती व्हीएला देण्यास माझी हरकत नाही, अशा संमतीवर सही लागते. ती राहून गेली की अर्ज अडकतो. क्लासच्या अर्जाला पावतीबरोबर वर सांगितलेला लेखी तपशील जोडा, म्हणजे क्लास आणि परीक्षा यांचा संबंध कागदावरच दिसतो.

पावतीवरचं नाव आणि व्हीएकडे नोंदलेलं नाव एकच हवं. आपल्याकडे हा घोळ फार होतो. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. लग्नानंतर आडनाव बदललेलं. नागरिकत्व घेताना स्पेलिंग सुधारलेलं. नाव वेगळं असेल तर बदलाचा पुरावा सुरुवातीलाच जोडा. व्हीएकडे बँकेचं खातं जुनंच नोंदलेलं नाही ना, तेही पाहून घ्या.

टपालाने पाठवायचं असेल तर तुमच्या भागाप्रमाणे न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो किंवा ओक्लाहोमातलं मस्कोगी, अशी दोन प्रक्रिया कार्यालयं आहेत. पत्ता फॉर्मवर असतो. मूळ पावती पाठवू नका, प्रत पाठवा. आणि परीक्षा झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज पोचू द्या. चारही पेपर सुटले की एकदम मागू, असं ठरवून बसलेल्यांचा पहिला पेपर या मुदतीत मागे पडू शकतो.

मदत लागली तर जीआय बिलाची हेल्पलाइन ८८८-४४२-४५५१ आहे. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू आणि डीएव्ही या माजी सैनिक संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फॉर्म भरायला फुकट मदत करतात. अर्ज भरून देण्याचे पैसे मागणाऱ्याकडे जाण्याचं काही कारण नाही.

आधी हेही विचारून बघा

सेवेत असाल तर तुमच्या सेनादलाच्या प्रमाणपत्र योजनेतून, म्हणजे आर्मीच्या क्रेडेन्शियलिंग असिस्टन्समधून किंवा नेव्हीच्या ‘कूल’मधून, खर्च निघतो का पाहा. तिथून निघाला तर जीआय बिलाचे महिने शाबूत राहतात. मात्र एकाच खर्चाचे पैसे दोन सरकारी खिशांतून घेता येत नाहीत. सेवेमुळे अपंगत्व असलेल्यांनी व्हीएच्या ‘व्हेटरन रेडिनेस अँड एम्प्लॉयमेंट’ (पूर्वीचं व्होकेशनल रिहॅबिलिटेशन) या योजनेच्या समुपदेशकाशी बोलूनच अर्ज करावा, कारण त्या योजनेत नोकरीसाठी लागणारा परीक्षेचा खर्च वेगळ्या मार्गाने भरला जाऊ शकतो. व्हीएकडून आलेली ही रक्कम करमुक्त असते; पण म्हणूनच तोच खर्च टॅक्स रिटर्नमध्ये वजावटीला दाखवू नये.

नकार आला तर

निर्णयाचं पत्र येतं, त्यात कारण दिलेलं असतं. पावती किंवा निकाल राहून गेला एवढंच कारण असेल, तर तो नवा पुरावा जोडून पुरवणी दावा करायचा, फॉर्म २०-०९९५. कागद सगळे होते पण वाचणाऱ्याने चुकीचा अर्थ लावला असं वाटत असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६. इथे नवा कागद जोडता येत नाही, त्यामुळे घाईने हा मार्ग निवडू नका. तिसरा मार्ग माजी सैनिक अपील मंडळाचा, फॉर्म १०१८२, आणि तो सगळ्यात संथ. फेरतपासणी आणि अपील यांना निर्णयाच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं. पुरवणी दावाही त्याच वर्षात केला तर पहिल्या अर्जाची तारीख हातची जात नाही.