आतडी चिकटली की टाक्याजवळची नस दबली?

सिझर, अपेंडिक्स नाहीतर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन होऊन वर्षं उलटली तरी पोट दुखतंच आहे, की आपल्या खान्देशात निदान ओट्यावरच ठरतं: 'आतडी चिकटली.' मग बाई सोनोग्राफीच्या फायली घेऊन धुळे-जळगावच्या चकरा मारत राहते. पुष्कळदा दुखणं आतड्यात नसतंच. ते पोटाच्या भिंतीत, टाक्याजवळ दबलेल्या नसेत असतं.

चिकटलेली आतडी सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. ऑपरेशननंतर किंवा पोटाच्या टीबीनंतर आत पट्टे तयार होतात आणि आतडी एकमेकांना धरून बसतात. पोट उघडलेल्या बहुतेकांत हे होतं, त्रास मात्र थोड्यांनाच होतो. साध्या सोनोग्राफीत हे पट्टे सहसा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की 'बाई ढोंग करते' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

खरी गल्लत होते ती पुढे. दुखणं दाखवणारा हात बघा. आतड्याचं असेल तर अख्खा तळवा पोटावरून फिरतो: जेवल्यावर पीळ पडतो, पोट फुगतं, वारा सरला की हलकं वाटतं. नसेचं दुखणं एका बोटानं दाखवतात, बहुधा टाक्याच्या टोकाशी, रुपयाएवढ्या जागेत. जेवणाशी, संडासशी त्याचा फारसा संबंध नसतो. कापूस वेचायला वाकलं, खाटेवरून उठलं, खोकलं की तिथेच कळ निघते.

आता उताणं झोपा. दुखऱ्या जागेवर बोट दाबून ठेवा आणि हाताचा आधार न घेता डोकं-खांदे उचला. पोटाचे स्नायू ताठ होतात, आतडी त्यांच्या आड जातात. कळ कमी झाली तर दुखणं आतलं. तेवढीच राहिली किंवा वाढली तर भिंतीतलं. कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननं ही तपासणी १९२६ साली मांडली. तिला ना यंत्र लागतं, ना पैसा. तरी ती न करताच पुढची सोनोग्राफी लिहून दिली जाते! टाक्यातून हर्निया आला असेल तरीही कळ अशीच वाढू शकते, म्हणून खोकताना तिथे फुगवटा येतो का हे डॉक्टरांकडून बघून घ्या.

एवढा आग्रह धरायचं कारण, दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. नसेच्या दुखण्यात त्याच जागी भुलीच्या औषधाचं इंजेक्शन देतात. काही मिनिटांत कळ थांबली तर निदान पक्कं झालं आणि उपचारही सुरू झाला. काहींचं एक-दोन इंजेक्शनांत भागतं, काहींना पुन्हा घ्यावं लागतं. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या भूलतज्ज्ञाला विचारा.

चिकटलेली आतडी कुठल्याही गोळीनं किंवा काढ्यानं सुटत नाहीत. 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेणं तर बंदच करा. आराम पडतो तो थोडं थोडं, नीट चावून खाल्ल्यानं, रोज चालल्यानं आणि पोट साफ राहिल्यानं. त्रासाच्या दिवसांत कळण्याची भाकर, ठेचा बाजूला ठेवा. वरण-भात, पिकलं केळं चालतं. डॉक्टर कधी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन ही एरवी नैराश्यावर चालणारी गोळी देतात, ते दुखण्यावरच असतं, वेड्याची गोळी म्हणून टाकून देऊ नका. ट्रामाडॉल हे जोरदार वेदनाशामक मात्र रोजचं करू नका, त्यानं आतडी आणखी मंदावतात.

नुसत्या दुखण्यासाठी 'पट्टे कापून देतो' म्हणणाऱ्याला लगेच होकार देऊ नका. नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. काहींचे पट्टे दुर्बिणीनं कापले, बाकीच्यांचं पोट दुर्बिणीनं फक्त पाहिलं. वर्षभरानंतर दोन्हीकडे आराम सारखाच होता. शिवाय नव्या ऑपरेशननं नवे पट्टे तयार होतात.

पण उलट्या होताहेत, पोट टम्म झालंय, वारा-संडास दोन्ही बंद आहेत, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या.