डोळे आले, डोकं उठलं: दोन घरगुती दुखण्यांची पार्श्वभूमी

2023 च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. मुंबईत लोकलच्या डब्यांतून काळे चष्मे दिसू लागले. औषधाच्या दुकानात ‘डोळ्यांचे ड्रॉप्स द्या’ एवढंच सांगून माणसं बाटली घेऊन जात होती. कसले ड्रॉप्स, कशावरचे, असं विचारणारे थोडे होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत ही साथ एंटेरोव्हायरसच्या कुळातल्या विषाणूची निघाली. म्हणजे दुकानातून नेलेल्या अँटिबायोटिक थेंबांचा त्या विषाणूवर काहीच परिणाम होणार नव्हता.

आपण म्हणतो, डोळे ‘येतात’. पाहुण्यासारखे येतात, आठवडाभर राहतात, जातात. डोकं मात्र ‘उठतं’, ‘धरतं’, ‘ठणकतं’. दोन्ही दुखणी घरातच निस्तरायची, ही आपली जुनी रीत. गिरगावातल्या आमच्या चाळीत आजी सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची आणि डोळे आलेल्या मुलाला गॅलरीच्या टोकाला वेगळं बसवायची. लेपाने बरं वाटायचं. वेगळं बसवणंही योग्यच होतं, फक्त कारण चुकीचं सांगितलं जायचं: ‘त्याच्या डोळ्यांत बघू नकोस, तुला येतील.’

बघून डोळे येत नाहीत, हे खरं तर आपल्याकडे फार पूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांची यादी आहे. त्यात कुष्ठ, ज्वर आणि शोष, म्हणजे क्षय, यांच्या बरोबरीने नेत्राभिष्यंद, म्हणजे डोळे येणं, आहे. रोग पसरण्याची कारणंही तिथेच दिली आहेत: अंगाला अंग लागणं, श्वास, एकत्र जेवण, एकाच अंथरुणावर झोपणं, दुसऱ्याचे कपडे, माळा, उटणी वापरणं. या यादीत नजर कुठेही नाही. कपड्यांच्या जागी टॉवेल आणि उशीचा अभ्रा घाला, जोडीला लोकलचा दांडा घाला, म्हणजे आजची सूचना तयार होते.

त्याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतला अर्धावभेदक म्हणजे आपली अर्धशिशी. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘अधिमंथ’. अभिष्यंदाकडे दुर्लक्ष झालं की तो होतो, असं सुश्रुत सांगतो. डोळा जणू उपटून काढतायत, रवीने घुसळतायत अशी वेदना, आणि तिच्यासोबत अर्धं डोकं दुखणं. पुढे मुदतही दिली आहे: उपचार चुकले तर कफाचा अधिमंथ सात रात्रींत, वाताचा सहा, रक्ताचा पाच रात्रींत दृष्टी घालवतो आणि पित्ताचा तत्काळ. त्रिदोषांची ती मांडणी आज कुणी मानो न मानो, लाल डोळा आणि अर्धं डोकं एकदम दुखलं तर हातात वेळ फार थोडा असतो, हे निरीक्षण आजही लागू आहे. अचानक वाढणाऱ्या काचबिंदूशी, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब एकदम चढण्याशी, हे वर्णन बरंचसं जुळतं.

आधुनिक वैद्यकाला डोळ्याच्या आत डोकावता आलं ते 1851 मध्ये हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप तयार केल्यावर. 1857 मध्ये बर्लिनच्या फॉन ग्रेफेने बुबुळाच्या पडद्याचा लहानसा तुकडा कापून अशा काचबिंदूचा दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया मांडली. मुंबईत तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेज आणि भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय उभं राहून बारा वर्षं झाली होती. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पुढे जे. जे.च्या आवारात डोळ्यांचं स्वतंत्र रुग्णालय झालं. परळच्या हाजी बचूअली रुग्णालयाच्या रांगेत गिरणगावच्या कितीतरी पिढ्या बसल्या.

जे. जे.चं नाव या इतिहासात आणखी एका कारणाने येतं. 1969 मध्ये घानात डोळे येण्याची नवी साथ आली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरायचं आणि एका दिवसात दोन्ही डोळे लालभडक व्हायचे. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून तिथे तिला अपोलोचं नाव पडलं. 1971 मध्ये ती भारतात पोचली. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, त्यामुळे बंगालमध्ये लोक तिला तिथल्या मुक्तिलढ्याच्या घोषणेवरून ‘जय बांगला’ म्हणू लागले. मुंबईतही घरंच्या घरं आजारी पडली. डोळे आठवड्यात बरे झाले आणि लोक कामाला लागले.

मग दोन-तीन आठवड्यांनी काही माणसं, बहुतेक प्रौढ पुरुष, पाय उचलत नाही म्हणून रुग्णालयात आली. आधी ताप, कंबरेतून पायात उतरणारी कळ आणि त्यानंतर पोलिओसारखा लुळेपणा. मोठ्या माणसांना पोलिओ कसा, हा प्रश्न जे. जे.चे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडला नाही. या रुग्णांचे डोळे काही दिवसांपूर्वी आले होते, हा धागा त्यांनी पकडला. 1973 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. जपानमध्ये त्याच सुमारास या साथीतून एंटेरोव्हायरस 70 वेगळा काढला गेला होता. हा विषाणू पोलिओच्याच भावकीतला. 1981 मध्ये मुंबईत साथ पुन्हा आली, तसाच लुळेपणा पुन्हा दिसला, आणि या वेळी रक्ताच्या तपासणीतून विषाणूशी असलेलं नातं पक्कं झालं. असे रुग्ण फार थोडे होते, त्यामुळे डोळे आले म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ‘गेल्या महिन्यात डोळे आले होते का?’ हा साधा प्रश्न कुणीतरी विचारला म्हणून एक नवा आजार ओळखला गेला, याचा मुंबईकर म्हणून मला अभिमान वाटतो.

डोकेदुखीचा मुंबईतला इतिहास रुग्णालयापेक्षा दुकानाच्या फळीवर जास्त घडला. 1893 मध्ये काशीनाथुनी नागेश्वर राव या आंध्रातून आलेल्या गृहस्थांनी मुंबईत अमृतांजन काढलं. संगीताच्या मैफलींमध्ये ते बाम फुकट वाटत. ‘आंध्र पत्रिका’ हे त्यांचं तेलुगू साप्ताहिकही 1908 मध्ये मुंबईतच सुरू झालं. 1910 मध्ये झंडू इथेच उभी राहिली. बाममधला मेंथॉल कातडीला गारवा देतो, मिथाइल सॅलिसिलेट ऊब देतं, आणि त्या जाणिवेपुढे ठणका थोडा मागे सरतो. ताणाने, मानेच्या आवळलेल्या स्नायूंनी दुखणाऱ्या डोक्याला तेवढं पुरतं. मात्र हे बोट डोळ्याजवळ नेऊ नये, आणि कापूर असलेला बाम तान्ह्या बाळाला लावू नये, त्याने झटके येऊ शकतात.

1899 मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं आणि विसाव्या शतकात गोळ्यांनी बामला मागे टाकलं. आता पानाच्या टपरीवरही सुटी गोळी मिळते. ताणाची डोकेदुखी महिन्यातून दोनदा झाली तर एखाद्या गोळीने बिघडत नाही. अडचण सवयीची आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, एकाहून जास्त औषधं असलेली मिश्र गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. मग गोळी बंद करणं हाच उपचार, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीत करावा लागतो. अर्धशिशीसाठी ट्रिप्टान जातीची खास औषधं 1991 पासून आली. ठणकणारी, बहुधा एका बाजूची, उजेड नकोसा करणारी, मळमळ आणणारी आणि चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालणारी डोकेदुखी असेल तर बामची बाटली बाजूला ठेवून या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

नुसते डोळे आले असतील तर खाज, पाणी, चिपडं असतात. नजर साफ असते, वेदना सोसवते. थंड पाण्याची पट्टी, वेगळा टॉवेल, वारंवार हात धुणं आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. स्टेरॉइडचे थेंब मात्र मनाने कधीच घालू नयेत. नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूने बुबुळावर जखम केली असेल तर तेच थेंब ती खोल नेतात. आतल्या पडद्याचा दाह, म्हणजे युव्हायटिस असेल, तर तेच थेंब डोळा वाचवतात. वरून दोन्ही डोळे सारखेच लाल दिसतात. फरक स्लिट लॅम्पखालीच, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या डॉक्टरांच्या यंत्राखालीच, कळतो.

अचानक वाढलेल्या काचबिंदूत आणखी एक फसगत होते. डोकं इतकं दुखतं आणि उलट्या इतक्या होतात की माणूस पित्त झालं म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे जातो. डोळा लाल आहे हे घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसत असतील, नजर धूसर झाली असेल, तर आधी डोळ्यांचं रुग्णालय गाठायचं, तेही त्याच दिवशी. थेंबांनी आणि औषधांनी दाब उतरवून लेझरने बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात. फॉन ग्रेफेने चाकूने केलेलं काम आता बाह्यरुग्ण विभागातल्या खुर्चीवर काही मिनिटांत होतं. बाकीचा चांगला डोळाही त्याच वेळी तपासून घेतात, कारण पुढचा झटका त्यालाही येऊ शकतो.