शॉर्ट आणि ओपन: उलटे बिघाड, पण नाव एकच

आमच्या बिल्डिंगमध्ये विजेला एकच आजार होतो, तो म्हणजे शॉर्ट. इस्त्री तापत नाही, शॉर्ट झाली असेल. मिक्सर लावला की एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारं बटण) पडतो, शॉर्ट आहे. जिन्यातली ट्यूब लागत नाही, तीही शॉर्ट. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा टीव्हीचा रिमोट आणून दिला, "बघ रे, शॉर्ट झालाय का." त्यातले सेल संपले होते.

मी वायरमन नाही. हौस आहे आणि व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारा एक पिवळा मल्टिमीटर आहे, त्यामुळे अशी गिऱ्हाइकं दारात येतात. येणाऱ्या दहा ‘शॉर्ट’पैकी बहुतेक शॉर्ट नसतातच, ते ओपन असतात. दोन्हीचा शेवट एकच, वस्तू बंद. पण कारण अगदी उलटं असतं, आणि मीटर कुठे नि कसा लावायचा हेही त्यावरच ठरतं.

मुळात गोंधळ शब्दांचा आहे. नळ उघडला की पाणी येतं. सर्किट ‘ओपन’ झालं की वीज थांबते. सर्किट ‘क्लोज’ झालं की दिवा लागतो, आणि आपण मात्र दिवा विझवायला ‘बंद कर’ म्हणतो. भाषांतर करायला गेलं की डोकं फिरतं. त्यापेक्षा वाट डोळ्यांपुढे आणा. वीज फेजच्या वायरीतून निघते, इस्त्रीच्या कॉइलमधून जाते, न्यूट्रलच्या वायरीने परतते. ही वाट मध्ये तुटली तर ओपन. कॉइलपर्यंत न जाताच फेज न्यूट्रलला टेकली, विजेला जवळची वाट मिळाली, तर शॉर्ट. ओपनमध्ये करंट शून्य, शॉर्टमध्ये बेसुमार. म्हणून ओपन गुपचूप होतो आणि शॉर्ट आवाज करून.

मीटर हातात घेण्याआधीच यातून अर्धं निदान होतं. एमसीबी पडला का? फ्यूज उडाला का? काहीच पडलं नाही आणि वस्तू नुसतीच मेल्यासारखी आहे, तर आधी ओपन शोधायचा.

काकूंचीच इस्त्री घ्या. १००० वॉटची, प्लग लावला तरी थंड. प्लग काढून घेतला, मीटर २०० ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या मापावर ठेवला आणि प्लगच्या दोन बारीक पिनांना मीटरचे दोन प्रोब, म्हणजे वायरींची टोकं, लावले. किती यायला हवं? व्होल्ट गुणिले व्होल्ट भागिले वॉट: २३० गुणिले २३० भागिले १०००, म्हणजे ५३च्या आसपास. स्क्रीनवर डाव्या कडेला नुसता ‘१’. स्वस्त मीटरांत हा एकटा १ म्हणजे ‘माझ्या मापाबाहेर’, महागड्यांत त्याच जागी ‘ओएल’ येतं. नवशिके तो एक ओहम समजतात आणि तिथेच ओपनचा शॉर्ट होतो. मी आधी इस्त्रीची चकती फिरवून पाहिली, कारण थर्मोस्टॅट ऑफवर असला तर चांगली इस्त्रीही ओपनच दाखवते. चकती कॉटनवर होती. मग वायर हळूहळू वाकवत गेलो. इस्त्रीच्या मानेजवळ, रबराच्या नळीतून वायर बाहेर पडते तिथे, आकडा उडाला: ५३.४, परत १, परत ५३.१. आत तांब्याच्या तारा तुटल्या होत्या, वरचं कापडी वेष्टन शाबूत होतं. चार बोटं वायर कापून पुन्हा जोडली. खर्च शून्य, चहा एक.

आता शॉर्ट. शेजारच्यांनी किचनमध्ये मसाल्यांचं शेल्फ लावून घेतलं आणि त्या संध्याकाळपासून किचनचा एमसीबी वर राहीना. ढकलला की ‘खट’, लगेच खाली. त्यांनी सगळे प्लग काढले होते, तरी तेच. इथे एमसीबी पुन्हा पुन्हा वर ढकलून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो; करू नका, दर खेपेला भिंतीत एक ठिणगी उडते. मेन खाली केला, व्होल्टवर मापून वीज खरंच गेलीय याची खात्री केली, आणि मगच ओहमवर आलो. हा क्रम चुकवायचा नाही. ओहम मोजताना मीटर स्वतःच्या सेलमधून बारीकसा करंट सोडत असतो. चालू वायरीवर ओहम लावले तर मीटर जातो, आणि हलका मीटर हातातच फुटूही शकतो. किचनच्या फेजचं टोक आणि न्यूट्रल पट्टी यांच्यामध्ये ०.६ ओहम आले. काहीच जोडलेलं नसताना तिथे तो एकटा १ यायला हवा होता.

०.६ किती कमी आहे ते बघा. दीड एमएम तांब्याच्या वायरीचा किलोमीटरला रोध सुमारे १२ ओहम. डीबीपासून (एमसीबी असतात त्या पेटीपासून) २० मीटर जायचे आणि २० यायचे धरले तर नुसत्या वायरीचाच अर्धा ओहम होतो. म्हणजे वाटेत वायरीशिवाय दुसरं काही नव्हतंच. २३० व्होल्टला हिशेबाने चारशेच्या आसपास अँपिअर. घरगुती १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान झटक्यात पडतोच. शेल्फचा डावीकडचा स्क्रू उलटा फिरवून काढला. मीटरवर पुन्हा १. स्क्रू थेट पाइपात घुसून दोन्ही वायरी शिवून बसला होता. तेवढ्या टप्प्याच्या वायरी मग वायरमनकडून बदलून घ्याव्या लागल्या, कारण स्क्रू काढला तरी इन्सुलेशनचं भोक राहतंच.

इथपर्यंत सोपं आहे: ओहमवर एकटा १ म्हणजे ओपन, शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. घोटाळा बीपमुळे होतो. कंटिन्युइटीचा, म्हणजे वाट सलग आहे असं सांगणारा तो आवाज आवडतो सगळ्यांना, पण तो शून्यालाच वाजतो असं नाही. कितीखाली वाजायचं हे मीटरागणिक वेगळं, बऱ्याच मीटरांत तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही आलं की बीप. आणि २००० वॉटच्या धडधाकट गीझरची कॉइल असते २६ ओहमची! बीप ऐकून ‘शॉर्ट आहे, कॉइल बदला’ म्हणणारे मी पाहिलेत. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब गार असताना चाळीसच्या आसपास दाखवतो, पेटल्यावर तोच ५२९ ओहमचा होतो. तोही काही मीटरांवर बीप देतो. म्हणून आवाजावर जाऊ नका, आकडा वाचा, आणि त्याआधी किती यायला हवा ते कागदावर काढा. २६ हा आकडा गीझरच्या पिनांवर निरोगी आहे, मोकळ्या वायरीवर आला तर नाही.

वायरमन लोकांचा सिरीज बोर्ड इथे आठवतो. १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या त्याच एका वाटेत, पुढे तपासायच्या वस्तूला लावायच्या दोन वायरी. बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट, पेटलाच नाही तर ओपन, मंद पेटला तर लोड, म्हणजे वीज खाणारी वस्तू. पूर्ण शॉर्टमध्येही बल्ब ०.४३ अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, म्हणून काही जळत नाही. मला हा बोर्ड मनापासून आवडतो. पण गीझरची कॉइल त्यालाही फसवते: २६ ओहम मागे असले तरी बल्बला २१९ व्होल्ट मिळतात, म्हणजे डोळ्यांना तो पूर्णच दिसतो. तिथे मीटरच हवा.

ओपन शोधायची दुसरी रीत चालू विजेवरची आहे, आणि तिच्यात शून्याचा अर्थ उलटतो. ओहमवर शून्य म्हणजे वाट सलग. व्होल्टवर शून्य म्हणजे काय, हे प्रोब कुठे आहेत त्यावर. बल्बच्या बटणाच्या दोन स्क्रूंना व्होल्टवर प्रोब लावा. बटण ऑफ असताना २३० येतील, ऑन केलं की शून्य. म्हणजे बटण चांगलं आहे. ऑन करूनही २३०च राहिले तर बटणाच्या आत ओपन आहे. सगळा दाब, म्हणजे व्होल्टेज, तुटलेल्या फटीवरच येऊन उभा राहतो. उडालेल्या फ्यूजच्या दोन टोकांवरही असेच २३० मिळतात. ज्याला चालू बोर्डात हात घालायची सवय नाही त्याने ही रीत नुसती वाचावी.

आणि आता तो ओपन, जो ओपन वाटतच नाही: न्यूट्रल तुटणं. घरात काहीच चालत नाही, टेस्टर घातला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. ‘दोन्हीकडून फेज येतोय, कुठेतरी शॉर्ट आहे’ असं निदान लगेच होतं. मीटर लावला की फेज-न्यूट्रल ०, फेज-अर्थिंग २३०, न्यूट्रल-अर्थिंग पण २३०. ही तीन मापं एकत्र आली की न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलाय. हॉलच्या चालू बटणामागच्या बल्बमधून किंवा फ्रिजमधून फेज न्यूट्रलच्या वायरीत उतरतो आणि परत जायला वाट नसल्याने तिथेच उभा राहतो. पडताळा घ्यायचा तर घरातली सगळी बटणं ऑफ करा, प्लग काढा. न्यूट्रलमधला टेस्टर विझतो. टेस्टर एकाच ठिकाणी विचारतो, ‘इथे दाब आहे का?’ मीटर दोन ठिकाणांमधला फरक विचारतो, म्हणून त्याला हे कळतं.

हाच न्यूट्रल थ्री फेज बिल्डिंगच्या मेन लाइनवर तुटला तर वस्तू जळतात. तीन फेजवरची घरं मग एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात. दोन फेजमधला दाब ४००च्या घरात असतो आणि तो लोडप्रमाणे वाटला जातो. ज्या घरात फक्त टीव्ही आणि चार्जर चालू, तिथे ३००च्या वर जातात. ज्या घरात गीझर आणि एसी, तिथे दिवे मिणमिणतात. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात शॉर्टसर्किट झालं. झालेला असतो ओपन.

तुटलेल्या वायरीवर डिजिटल मीटर कधीकधी साठ-सत्तर व्होल्टही दाखवतो. ती भुताटकी आहे: शेजारून जाणाऱ्या चालू वायरीची सावली. त्या दोन टोकांना बल्ब जोडला की आकडा शून्यावर येतो.

उरला तो अर्धवट ओपन, ज्याला आपण ‘लूज’ म्हणतो, आणि मला सगळ्यांत जास्त भीती याचीच वाटते. शॉर्ट एमसीबीला कळतो. लूज जोड कळत नाही, कारण करंट वाढतच नाही. मीटरची बीपही त्याला पास करते. एका तारेच्या जिवावर टिकलेला जोडसुद्धा मीटरच्या त्या मिलिअँपिअरला पुरतो. त्याला पकडायचं लोड लावून. एका बोर्डावर दोन सॉकेट असतील तर एकात मीटर, दुसऱ्यात इस्त्री. आमच्या बेडरूममध्ये मोकळ्यावर २३१ होते, इस्त्री तापायला लागली की २२१. दुसऱ्या खोलीत त्याच इस्त्रीने एक-दीड व्होल्टच पडत होते. दहा व्होल्ट गुणिले ४.२ अँपिअर, म्हणजे ४२ वॉट भिंतीतल्या एका स्क्रूवर तापत होते. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. बोर्ड उघडला तर स्क्रूभोवतीचं प्लॅस्टिक चॉकलेटी पडलेलं.

शेवटचं मीटरबद्दलच, कारण तोही कधी ओपन असतो, कधी शॉर्ट. व्होल्ट मोजताना तो जवळजवळ ओपन: आत १० लाख ओहम, चांगल्या मीटरात १ कोटी, म्हणून सॉकेटमध्ये प्रोब घातले तरी काही होत नाही. अँपिअर मोजायचे तर करंट मीटरमधूनच जायला हवा, म्हणून १० अँपिअरच्या भोकामागे नुसती जाड तारेची एक कमान असते, रोध जवळपास शून्य. म्हणजे विकत घेतलेला शॉर्टच. स्वस्त मीटरात त्या भोकाला फ्यूजही नसतो, आणि चकती कुठेही असली तरी लाल लीड त्या भोकात असेपर्यंत कमान प्रोबच्या मधोमध असतेच.

हे मी वाचून शिकलो नाही. बाइकची बॅटरी रात्रीत का उतरते ते बघायला लाल लीड १० अँपिअरच्या भोकात घातली होती. दोन दिवसांनी तोच मीटर काढला, चकती ७५० व्होल्ट एसीवर नेली आणि प्रोब किचनच्या सॉकेटमध्ये घातले. निळा झपकारा, फटाक्यासारखा आवाज, लाल प्रोबचं टोक वितळून बोंडासारखं गोल झालेलं, घरात अंधार. आतून आईने विचारलं, "काय झालं रे?"

"शॉर्ट," मी म्हणालो. त्या वेळी शब्द अगदी बरोबर होता.